माघातला पाऊस आणि ज्वारीची उडवी

आम्हा देवरुखच्या माणसांना सोलापूर म्हटलं की ऊन आठवतं. निघायच्या आदल्या दिवशी शेजारणीने दोन टोप्या आणून दिल्या, जाऊबाईंनी पहाटेच्या गारठ्यासाठी लोकरीची शाल पिशवीत कोंबली. माघात तिकडे दुपारी भाजतं आणि पहाटे हुडहुडी भरते, असं प्रत्येकाने बजावलं. परत येऊन आता महिना होत आला, म्हणून खात्रीने लिहिते. टोपीची घडी मोडली नाही आणि शाल बाहेरच काढली नाही. आम्हाला तिथे भेटला तो पाऊस.

जायचं कारण सुरवसे गुरुजी. ते आमच्या गावच्या शाळेत तेरा वर्षं होते. सोलापूरकडचे कितीतरी शिक्षक आमच्या रत्नागिरीत नोकरीला येतात आणि जिल्हाबदलीच्या कागदाकडे डोळे लावून बसतात. गुरुजी आणि त्यांची बायको छाया आमच्या पडवीलगतच्या दोन खोल्यांत राहायचे. त्यांच्या दोन्ही मुलींना मी मांडीवर घेऊन तेल चोळलेलं आहे. चार वर्षांपूर्वी बदली झाली आणि ते करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठच्या आपल्या गावी गेले. तेव्हापासून दर वर्षी फोन, "काकू, हुरड्याला या की."

आमचं जाणं राहत गेलं. मग दोन वर्षांपूर्वी यांची बायपास झाली. माझे यजमान पोस्टात होते, आणि पोस्टाच्या आधी आणि नंतर शेतकरी. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, चाला, फिरा, हलकी कामं करा. पण यांनीच मनाशी ठरवून टाकलं की आपलं झालं. कळशी उचलायची नाही, घाटी चढायची नाही, शेत वाट्याने देऊन टाकलं. बोलणंही आटत चाललं होतं. जेवायला हाक मारली की येत, ताटाकडे बघत जेवत आणि पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसत. म्हणून या वेळी गुरुजींचा फोन आला तेव्हा मी यांना न विचारता हो म्हणून टाकलं.

गुरुवार

टेंभुर्णीच्या स्टँडवर गुरुजी भावाची जीप घेऊन आले होते. आभाळ पार भरलेलं, वारा पडलेला, अंगाला चिकचिक. आमच्याकडे मेच्या अखेरीला असते तशी हवा.

"औंदा थंडी आलीच न्हाय, काकू," गुरुजी पिशव्या उचलत म्हणाले. "संक्रांतीला दोन दिस जरा झोंबली आन् गेली. आता आठवडाभर हे असं ढगाळ."

मला हसू आलं. आमच्या पडवीत छापील मराठी बोलणारे गुरुजी आपल्या मातीत येताच आहे-नाही विसरून हाय-न्हायवर आले होते. मी तसं म्हटल्यावर ते लाजले. "तिकडं पोरं हसायची, म्हणून जपून बोलायचो."

रस्त्याला उसाने भरलेले दोन-दोन डब्यांचे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. एका वळणावर एकदम पाणी उघडलं. पलीकडचा काठ दिसेना. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळी आणि काठाने ओळीने मोटारी, पाइप, वायरी. यांनी सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "खाडी दिसते ही."

"काका, भीमा हाय ही. धरणानं अडवून धरलेली."

झाडांनी वेळापत्रक गुंडाळून ठेवलेलं दिसत होतं. बांधावरचा पळस अर्धा फुलला होता. कडुनिंब एकीकडे पिवळी पानं गाळत होता आणि दुसऱ्या फांदीवर तांबूस कोवळी पालवी चमकत होती. गुरुजींच्या दारातल्या आंब्याचा पहिला मोहर रिमझिमीने काळा पडलेला, आणि त्याच्या शेजारीच दुसरा नवा मोहर फुटत होता. त्या झाडात कोकीळ ओरडत होता. आमच्याकडे शिमग्याच्या आधी तो इतका मोकळा गळा काढत नाही.

दारात गुरुजींच्या आई उभ्या होत्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. पंचाहत्तरीच्या, बुटक्या, नऊवारी कमरेला घट्ट खोचलेली. आमच्याकडे पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात. आक्कांनी आम्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवून भाकरीचा तुकडा आणि पाणी आमच्यावरून ओवाळून लांब टाकलं आणि मग आत घेतलं. आमच्यासाठी कोणी तरी काही तरी ओवाळून टाकतंय, हे मला फार वर्षांनी मिळालं.

संध्याकाळी बाजार आमटी होती. चार-पाच डाळी एकत्र शिजवून काळ्या मसाल्यात उकळलेली. ताटात भाकरी कुस्करायची आणि वरून ती ओतायची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा घेतली. यांनी अर्धी भाकरी खाऊन हात धुतले. "पथ्य आहे," म्हणाले. आक्का उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहिल्या.

शुक्रवार

खरं तर हुरड्याचे दिवस सरले होते. ज्वारी पिकून उपटून झाली होती. गुरुजींना वाईट वाटत होतं, पण आक्कांनी विहिरीजवळ उशिरा पेरलेलं चार वाफ्यांचं हिरवं कणीस आमच्यासाठी राखून ठेवलं होतं. दमट हवेने पानांवर चिकटा पडलेला. हात लावला की बोटं गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसली, भाजली, आणि आक्कांनी ती गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवे लुसलुशीत दाणे माझ्या ओंजळीत टाकले. सोबत शेंगांची चटणी आणि गूळ. आमच्याकडे नव्या भाताचे पोहे कांडून खातात तेव्हा जी चव येते तिची ही देशावरची बहीण म्हणावी.

खाता खाता आरावर चर्र झालं. पावसाचे थेंब. सगळ्यांनी वर बघितलं. तेवढ्यात गुरुजींचा धाकटा भाऊ पोपट मोटारसायकलवरून आला. शेती तोच बघतो.

"मळणीचा मशीनवाला न्हाय म्हनला," त्याने सांगितलं. "सगळ्यांनीच बोलवलंय त्याला. आन् मोबाइलवर दावतंय, उद्या सांजच्याला जोराचा हाय."

मला त्याचा अर्थ छायाने समजावला. एकरभर ज्वारी उपटून, पेंढ्या बांधून रानात वाळायला पडली होती. धुक्याने आणि ढगांनी ती वाळतच नव्हती. आता जोराचा पाऊस झाला असता तर दाणा काळा पडला असता, कणसातच कोंब फुटले असते, आणि कडबा कुजून जनावरांनीही तोंड लावलं नसतं. गुरुजींना पगार आहे, पण पोपटच्या घराची वर्षाची भाकरी आणि चार जनावरांची वैरण त्या रानात पडली होती.

तरीही पाहुण्यांना फिरवायचं म्हणून गुरुजींनी दुपारी आम्हाला करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला नेलंच. देवळाजवळ खोल पायऱ्यांची मोठी विहीर आहे. मी तळापर्यंत उतरले. हे वरच्या पायरीवर बसून राहिले. खालून मला यांचे पाय आणि हातातली पाण्याची बाटली तेवढी दिसत होती.

शनिवार

गुरुजींची सकाळची शाळा. अकराला ते परत आले तोवर पोपट आणि छाया रानात गेलेच होते. मीही निघाले. हे आक्कांबरोबर विहिरीजवळच्या खाटेवर बसले.

काळी माती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या तांबड्या मातीवर कितीही पाऊस पडो, पाय टाकला की निघतो. इथे आदल्या दिवशीच्या शिंतोड्यांनीच रान असं झालं होतं की दहा पावलांत प्रत्येक पायाला उखळाएवढा गोळा चिकटायचा. ट्रॅक्टर आत येऊ शकत नव्हता. त्यामुळे पाच-पाच पेंढ्या डोक्यावर घेऊन विहिरीजवळच्या मुरमाड जागेपर्यंत आणायच्या. शेजारच्या रानातली सुमन आणि तिचा नवरा न बोलावता आले आणि कामाला लागले. सुमन चाळिशीची, काटक. मी दोन पेंढ्या उचलेपर्यंत तिच्या सहा पोचलेल्या असायच्या.

विहिरीजवळ पोपट पेंढ्या चौकोनी रचू लागला. दोन थर झाले असतील, खाटेवरून आवाज आला.

"तसं नको. भिजेल."

सगळे थांबले. मीही.

"काका, आमी असंच रचतो," पोपट म्हणाला. "वरनं ताडपत्री टाकायची."

"ताडपत्रीवर पाणी साचतं. साचलं की ते आत जायला वाट शोधतं. तुमच्याकडे या दिवसांत पाऊस नसतो, म्हणून चालत आलंय." हे उठून तिथे गेले. "आम्ही भाताची उडवी घालतो. गोल. कणसं आत, बुडखे बाहेर. मधला भाग सारखा उंच ठेवायचा, म्हणजे पेंढी बाहेरच्या अंगाला उतरती राहते. पाणी पडलं तरी बुडख्यावरून खाली जाईल."

पोपटने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी आमच्या कोकणात तेरा पावसाळे काढले होते. ते म्हणाले, "पोपट, पावसातलं ते सांगतील तसं कर."

मग यांनी सगळी जागाच ताब्यात घेतली. खाली आधी दगड मांडायला लावले, त्यांवर तुरीच्या वाळक्या काटक्या पसरल्या. पेंढ्या ओलसर आहेत, आतून वाफ धरतील, म्हणून मधोमध त्याच काटक्यांचा उभा खांब केला, हवा खेळायला. मग गोल थर. चौथ्या-पाचव्या थरापर्यंत हे खाली उभे राहून सांगत होते. पण वरचे थर ज्याला बांधता येतात त्यानेच बांधावे लागतात. यांनी शिडी मागितली.

"तुम्ही चढायचं नाही," मी म्हटलं. माझ्या पदराच्या गाठीला यांची जिभेखाली ठेवायची गोळी होती. ती गाठ मी मुठीत धरली होती.

आक्का कणसं वेचता वेचता उभ्या राहिल्या. "चढू द्या की बाई," त्या म्हणाल्या. "उतरवाय आमी हाय."

मी शिडी धरली. दुसरं काय करणार? हे एकेक पायरी थांबून थांबून चढले. वर गुडघ्यांवर बसले आणि पोपट खालून फेकेल ती पेंढी झेलून, फिरवून, दाबून बसवू लागले. श्वास लागला की थांबत. मी खालून विचारायची, "बरं वाटतंय ना?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वरून आलं, "पेंढी दे, गप्पा नको." इतकं तुटक उत्तर ऐकून मला किती आनंद झाला ते कोणाला सांगू!

चारनंतर पश्चिमेकडे काळोखी आली. पाण्यावरचे बगळे एकदम उठले. शेवटच्या चाळीसेक पेंढ्या राहिल्या होत्या तेव्हा वारा सुटला. सगळे पळत होते. सुमनच्या डोक्यावरून माती ओघळत होती. उडवीचा कळस बांधून झाला, वर गेल्या वर्षीचा वाळका कडबा टोपीसारखा बसवला, त्यावर पोपटने ताडपत्री फेकली आणि यांनी ती ओढून दोरीला दगड बांधून चारी बाजूंना सोडले. शेवटची दोरी ताणतानाच पाऊस कोसळला.

"शिडी!" मी ओरडले, पण शिडी चिखलात कलंडली होती. मी वर बघितलं तर हे बसल्या बसल्या ओल्या ताडपत्रीवरून घसरत खाली येत होते. पोपट आणि सुमनचा नवरा धावले आणि तिघेही एकमेकांवर चिखलात आदळले. तिघांच्या ढिगातून आधी पोपट निघाला, मग हे. चष्मा एका कानाला लोंबकळत होता.

"लागलं का वो पावणं?" आक्का.

"छे," हे म्हणाले. "उडवी बघा आधी. दोऱ्या घट्ट आहेत ना?"

घरी येऊन गरम पाण्याने आंघोळी झाल्या. छायाने उजनीची चिलापी तळली होती. आम्ही समुद्राच्या माशावर वाढलेली माणसं गोड्या पाण्याच्या माशाला नाकं मुरडतो. त्या संध्याकाळी यांनी दोन भाकऱ्या आणि तीन तुकड्या खाल्ल्या. पथ्याचं नाव मी काढलं नाही, यांनीही नाही.

रविवार

पहाटे पाऊस थांबला. माघ महिन्यात शेतात बेडूक ओरडत होते. रानातून वाफा निघत होत्या आणि एवढ्या पावसातही पळसाची बरीच फुलं फांदीवर टिकून होती. आम्ही उडवी बघायला निघालो. बांधावर माझी चप्पल चिखलाने धरली, पाय निघाला आणि मी लुगड्यासकट बसले. ती चप्पल अजून तिथेच आहे.

पोपटने उडवीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर कणसं बाहेर काढली. कोरडी. त्याने ती आधी आक्कांच्या हातात दिली, मग वाकून यांच्या पायांना हात लावला. यांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि भलतीकडेच बघत राहिले.

तेव्हा मला पलीकडचं रान दिसलं. तिथे पेंढ्या उघड्यावर पडल्या होत्या, पाण्यात, आणि सुमन एकेक उचलून झटकत होती. ती ज्वारी तिची होती. काल दिवसभर ती आमच्या पेंढ्या वाहत होती तेव्हा तिची स्वतःची तिथे पडून होती.

मी तिच्याजवळ गेले. "तुमची का नाही उचलली?"

"कुटं ठेवणार, बाई? आमच्याकडं ना ताडपत्री, ना अशी मुरमाड जागा," ती म्हणाली. "समदं रान खोलगट हाय. दोनी भिजन्यापरीस एक तरी वाचलं न्हवं?"

ती हे इतक्या साधेपणाने बोलली की माझ्या डोळ्यांतलं पाणी मला लपवावं लागलं. मी माझ्या आयुष्यात कोणासाठी असं काही केलं आहे का, हे मी तिथे उभ्या उभ्या आठवून पाहिलं. आठवलं नाही.

हे मागून आले, पेंढ्या बघितल्या, दाणा दातांनी चावून बघितला. "पडून राहू देऊ नका," म्हणाले. "उभ्या करा. चार-चार, माथ्याशी टेकवून, म्हणजे वारा मधून जाईल. वरवरचं गेलं, पण सगळं नाही गेलं." मग सकाळभर आम्ही सगळे सुमनच्या रानात होतो. दुपारपर्यंत तिथे ज्वारीच्या छोट्या छोट्या खोपी उभ्या राहिल्या आणि ढगांतून थोडं ऊन पडलं.

चार वाजता गुरुजींनी आम्हाला होडीतून पाण्यात नेलं. पाणी अजून भरपूर, त्यामुळे रोहित पक्षी लांब उथळ बेटापाशीच होते. होडी जवळ गेली तसे ते उडाले आणि पंखांखालचा लाल रंग एकदम उघडला. होडीवाले मच्छीमार मामा म्हणाले, "औंदा उकाडा लवकर हाय, हे बी लवकर निघतील." यजमान ऐकत होते. मग त्यांनी मामांकडे वल्हं मागितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. काठ येईपर्यंत होडी यांनीच वल्हवली.

घरी

सोमवारी निघताना आक्कांनी पुन्हा भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मशीन अखेर आलं होतं, मळणी झाली होती. "दाणा पांढराशुभ्र निघाला, बाई," आक्का फोनमध्ये ओरडून बोलतात, त्यामुळे स्वयंपाकघरभर ऐकू जात होतं. "पैलं पोतं सुमनच्या घरी पाठिवलं. तिची निम्मी वाचली, पर दाणा काळसर हाय." मग म्हणाल्या, "ती तुमची उडवी उलगडताना आमाला लई वाईट वाटलं बगा. गावातली मानसं येऊन बगून जायची. पावण्यास्नी सांगा."

मी फोन यांच्या हातात दिला. यांनी तो कानाला लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "खालचा थर भिजला होता का?"

"वीतभर," आक्का म्हणाल्या.

"काटक्या कमी पडल्या. पुढल्या वर्षी जास्त घालू."

मी कणीक मळत होते, माझे हात परातीत तसेच राहिले. दोन वर्षांत यांच्या तोंडून पुढच्या वर्षाची गोष्ट मी ऐकली नव्हती. "घाला" म्हणाले असते तरी चाललं असतं. ते "घालू" म्हणाले.